रात्रभर टेबलावर कोल्ड्रिंक आणि लेकराचे झिजलेले दात : लाळेचं नेमकं काम काय?

रेवा_परभणी (धागाकर्ती)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. थोरला मुलगा लातूरला असतो, वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीला. खोली करून राहतो, जेवण मेसचं. मे महिन्यात चार दिवस घरी आला होता. दुपारी कैरीचं पन्हं केलं, तर पहिल्याच घोटाला त्यानं ग्लास खाली ठेवला. "आई, दात शिवशिवायलेत." मला वाटलं कैरी जास्त आंबट निघाली. रात्री माठातल्या साध्या पाण्यानंही तेच झालं.

सकाळी उजेडात त्याचा ओठ वर करून बघितला आणि पोटात गोळा आला. वरच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसत होत्या. दाढांच्या टोकांवर बारीक खळगे. कीड मात्र कुठंच नाही. दंतवैद्यांनी आरसा फिरवून पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री जागताना काय पितोस?"

तेव्हा कळलं. रात्री दहा ते दोन अभ्यास, टेबलावर कोल्ड्रिंकची मोठी बाटली, दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट. झोप येऊ नये म्हणून. आठ महिने, रोज. आणि दात खराब होऊ नयेत म्हणून बाटली संपली की लगेच, रात्री दोन वाजता, जोर लावून ब्रश. लेकराला वाटत होतं आपण काळजीच घेतोय. डॉक्टर म्हणाले, बाटलीनं जे मऊ केलं ते ब्रशनं खरवडून काढलं.

मला एक कोडं सुटत नाही. माझा भाऊ तरुणपणी दिवसाला दोन-दोन बाटल्या प्यायचा, जेवणाबरोबर, एका दमात. त्याचे दात चाळिशीतही ठणठणीत. हे विचारलं तर डॉक्टर एकच शब्द बोलले, "लाळ." बाहेर रांग होती, पुढचं विचारायचं राहून गेलं. लाळ मी दरवर्षी शिकवते, पण पचनसंस्थेच्या धड्यात, पिष्टमय पदार्थांचं पचन सुरू करणारी म्हणून. दातांशी तिचा संबंध मी वर्गात कधी जोडलाच नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं, मला शाळेतही सांगायचंय.

सडेतोड_जालना

ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण कोल्ड्रिंकबद्दल फार अफवा फिरतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कोलाच्या ग्लासात ठेवलेला दात विरघळतो, ही गोष्ट आजची नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे क्लाइव्ह मॅके यांनी 1950 मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढे असं सांगितलं होतं, तेव्हापासून ती जगभर फिरतेय. ग्लासात दात दोन-दोन दिवस बुडून राहतो, तोंडात घोट दोन सेकंदही थांबत नाही. लिंबाचा रस तर कोलाएवढाच तीव्र आंबट आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी कैऱ्या खाल्ल्या, चिंचा खाल्ल्या, त्यांचे दात काय लगेच गळून पडले? माझ्या मते दोष त्या ब्रशचा जास्त असावा.

प्रयोगवही (छत्रपती संभाजीनगर)

रसायनशास्त्र शिकवतो, तेवढ्या भागाचं लिहितो.

इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, हे वजनानं सुमारे 96 टक्के खनिज. त्याचं नाव हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, घटक कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल. शरीरात यापेक्षा कठीण काही नाही, हाडसुद्धा नाही. पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर जुळतं, झिजून गेलेलं इनॅमल परत उगवत नाही. आणि जाडी म्हटली तर दाढेच्या टोकावर, जिथं सगळ्यात जास्त असते तिथंही, साधारण अडीच मिलीमीटर.

हे खनिज आम्लात विरघळतं. कारण आम्लातला हायड्रोजन आयन खनिजातल्या फॉस्फेटला आणि हायड्रॉक्सिलला पकडतो, मग कॅल्शियम मोकळा होऊन निघून जातो. तोंडातला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की हे सुरू होतं. कोलाचा सामू 2.5 च्या आसपास असतो. 5.5 आणि 2.5 मध्ये तीनच अंकांचा फरक दिसतो, पण सामूची मोजपट्टी दहापटीची असते. एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट, तीन अंक खाली म्हणजे हजारपट. मुलांना हे फळ्यावर गुणाकार मांडून दाखवा, सांगून डोळ्यासमोर येत नाही.

कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, लिंबाच्या चवीच्या पेयांमध्ये सायट्रिक. सायट्रिक आम्ल दुहेरी काम करतं. आम्ल म्हणून खनिज विरघळवतं, शिवाय कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणून "पांढरी बाटली बरी, काळी वाईट" या समजुतीला आधार नाही.

@सडेतोड, लिंबाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण टेबलावर लिंबाच्या रसाची बाटली ठेवून कुणी चार तास घोट घेत नाही.

दंतवैद्य_नांदेड

धागा वाचला, आता रुग्ण संपले म्हणून निवांत लिहितो. रेवाताई, तुमच्या भावाचं आणि मुलाचं कोडं हाच या विषयाचा गाभा आहे. ग्लासातल्या दातात आणि तोंडातल्या दातात फरक लाळेचा.

माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. गप्प बसलेलो असताना मिनिटाला जेमतेम 0.3 ते 0.4 मिलीलीटर, चावायला लागलं की त्याच्या कितीतरी पट. गाढ झोपेत जवळजवळ शून्य. ही लाळ चार कामं करते. आम्ल पातळ करून गिळायला लावते. तिच्यातला बायकार्बोनेट आम्ल मारतो, आणि लाळेचा वेग वाढला की त्याचं प्रमाणही वाढतं, म्हणजे जेवताना सुटणारी लाळ नुसती जास्त नसते, जास्त ताकदीची असते. तिच्यातली प्रथिनं दातावर एक पातळ साय धरतात, आम्ल आधी त्या सायीला भिडतं. आणि चौथं, मला सगळ्यात नवलाचं वाटणारं काम : लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की आम्ल हटलं की ते मऊ झालेल्या इनॅमलमध्ये परत शिरून बसतं. निघून गेलेला थर परत येत नाही, पण नुसता मऊ पडलेला थर बऱ्यापैकी घट्ट होतो. आपल्याकडे "दात आंबले" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी ते उतरतं. त्यात लाळेचा मोठा वाटा आहे.

लाळ कॅल्शियम आणते याचा पुरावा प्रत्येकाच्या तोंडात आहे. खालच्या पुढच्या दातांच्या मागं जीभ फिरवा. खरखरीत पिवळा थर लागतो ना? तिथं जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून खनिज तिथंच साचतं. गालातल्या ग्रंथीचं तोंड वरच्या दाढांपाशी, तिथंही हेच. आता उलट बघा. लाळ सगळ्यात कमी पोचते ती वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला. तुमच्या मुलाची झीज नेमकी तिथंच.

भाऊ जेवणाबरोबर एका दमात प्यायचा. तोंडात लाळेचा पूर आलेला, थोड्या वेळात सगळं धुऊन निघायचं. मुलगा रात्री, न चावता, दर दहा मिनिटांनी. एक घोट सावरायच्या आत दुसरा. चार तास त्याच्या लाळेला जिंकायला सवडच मिळाली नाही. एकूण किती प्यायलं त्यापेक्षा किती वेळा तोंडाला लावलं, हे इथं जास्त महत्त्वाचं.

साखरेचा हिशेब वेगळा. 100 मिलीलीटरला साधारण 10-11 ग्रॅम, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅमच्या वर. तोंडातले जिवाणू ही साखर खाऊन स्वतः आम्ल तयार करतात, ती कीड. दातावरच्या थराचा सामू साखर लागताच काही मिनिटांत कोसळतो आणि सावरायला अर्धा ते एक तास घेतो. तुमचा मुलगा ब्रश चोख करत होता म्हणून कीड लागली नाही. पण पेयातल्या आम्लाला जिवाणूंची गरजच नसते, ते थेट दाताला लागतं.

@सडेतोड, ब्रशबद्दल तुम्ही अर्धे बरोबर. आंबट पिऊन लगेच ब्रश करू नये. साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरावी आणि अर्धा तास, जमल्यास तासभर थांबावं. पण इनॅमल मऊ झालंच नसतं तर त्या ब्रशनं एवढं काही केलं नसतं.

बांधावरून_बीड

रामराम डॉक्टर. मी केज तालुक्यातला. दिवाळी झाली की आमच्याकडली माणसं ऊसतोडीला कारखान्याला जातेत. पहाटं अंधारात फडात, ऊन्हं चढली तरी कोयता चालू. पाणी लांब असतंय, आणलेलं कोमट होतंय. मग दहा-वीस रुपयांची थंड्याची बाटली. लेकरांनाबी तीच, रडायलं की हातात बाटली. उन्हाळ्यात आमच्या आखाड्यावर गडीबी तेच करायलेत. तोंडाला कोरड पडल्यावर थंड पिलं तर काय होतंय, हे सांगा.

दुसरं, आमच्या बायांना मिश्रीची सवय. जेवण झालं, थंड पिलं, की लगेच मिश्री. त्याचंबी सांगा.

दंतवैद्य_नांदेड

दादा, तुम्ही विचारलंत ते आपल्या भागासाठी सगळ्यात मोलाचं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर पहिल्यांदा जिथं हात आखडतं त्यात लाळ आहे. कोरड पडणं म्हणजे लाळ कमी होणं. त्याच वेळी कोल्ड्रिंक प्यायलं तर तोंडात आम्ल येतं आणि ते मारायला लाळ नसते. एसीत जेवणानंतर प्यायलेली बाटली आणि फडात कोरड्या तोंडानं प्यायलेली बाटली, बाटली एकच, दाताला होणारी इजा सारखी नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 42-43 च्या घरात जातो, तेव्हा आमच्याकडे दात शिवशिवण्याच्या तक्रारी वाढतात, हा माझा अनुभव.

आधी पाणी. पोटभर पाणी पिऊन तोंड ओलं झाल्यावर मग हवं तर थंड, आणि त्यावर परत पाण्याची चूळ. लेकरांच्या हातात बाटली देऊन सोडू नका, ती तासभर चोखतात.

जुलाब-उलटीत कोल्ड्रिंक पाजतात, तेही थांबवायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे ओआरएसच्या एका लिटरमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि मोजून मीठ असतं. कोल्ड्रिंकच्या लिटरमध्ये साखरच 100 ग्रॅमच्या वर. ते पाण्याची जागा घेऊ शकत नाही, जुलाब वाढवू शकतं.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिचा धोका दातांपुरता नाही, तोंडाच्या कॅन्सरपर्यंत जातो, त्यामुळे ती सुटलेली बरी. दातांपुरतं बोलायचं तर मऊ पडलेल्या इनॅमलवर खरखरीत पूड घासणं म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा मारणं. कोळसा, राख, वीटकर, मीठ सगळ्यांना हेच लागू.

सुनंदा_धाराशिव

माझं वय 61. साखर आहे, बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या चालू आहेत. दोन वर्षांपासून तोंड इतकं कोरडं पडतं की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. म्हणून पदराला लिंबाच्या गोळ्या बांधून असते, एक तोंडात धरली की बरं वाटतं. कोल्ड्रिंक मी आयुष्यात फार तर दहा वेळा प्यायले असेन. तरीही हिरड्यांजवळ चार दात किडले. हा धागा वाचून उलगडा होतोय. त्या गोळ्यांमुळंच का?

दंतवैद्य_नांदेड

हो मावशी, बहुधा त्यामुळंच. आंबट-गोड गोळी तासन् तास तोंडात धरणं हे घोट घोट कोल्ड्रिंक पिण्यासारखंच आहे, आणि तुमच्याकडे लाळेची राखण आधीच कमी. वयानं हिरड्या खाली सरकल्या की दाताचं मूळ उघडं पडतं. त्यावर इनॅमल नसतं. मुळाचा भाग सामू 6 च्या वर असतानाच विरघळायला लागतो, म्हणजे त्याला फार आंबट लागतच नाही.

गोळ्या आजच बंद करा. साखर नसलेलं च्युइंगम चावा, चावण्यानं उरलेली लाळ सुटते. दात साथ देत असतील तर बडीशेप चावा. पाण्याची बाटली जवळ ठेवा. 1000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरा. आणि औषधं देणाऱ्या डॉक्टरांना कोरडेपणाचं मुद्दाम सांगा, काही वेळा गोळी बदलता येते. स्वतःच्या मनानं मात्र एकही बंद करू नका.

किनवटकर

फ्लोराइडचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या किनवट भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लेकरांच्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग. गावात सगळे म्हणतात कोल्ड्रिंकनं झालं.

प्रयोगवही

दोन्ही वेगळं. ते डाग दात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, जास्त फ्लोराइड पोटात गेल्यानं पडतात. कोल्ड्रिंकची झीज दात उगवल्यानंतरची. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. पाण्याची तपासणी करून घ्या. योग्य प्रमाणातलं फ्लोराइड दाताला लावलं तर मात्र तिथलं खनिज जास्त चिवट होतं. ते सामू 5.5 ऐवजी 4.5 च्या आसपास गेल्यावर विरघळतं.

टपरी_वसमत

माझी शाळेसमोर टपरी आहे. उन्हाळ्यात निम्मा गल्ला थंड्यावर. हे वाचून झोप लागली नाही, कारण माझीच दोन लेकरं आल्या-गेल्याला फ्रीज उघडतेत. साखर नसलेल्या बाटल्या आल्यात, त्या ठेवल्या तर चालंल का? आणि साधा सोडा?

दंतवैद्य_नांदेड

साखर नसलेल्या बाटलीनं कीड टळेल, झीज टळणार नाही. आम्ल तेच आहे. साधा सोडा, नुसता गॅस भरलेलं पाणी, खूपच सौम्य. त्यात लिंबू पिळलं की पुन्हा आंबट. एनर्जी ड्रिंकही आम्लाच्या बाबतीत कोल्ड्रिंकच्याच पंगतीत बसतं. ताक ठेवता आलं तर उत्तम. दही-ताक आंबट लागतं, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट असल्यानं ते दातातलं खनिज ओढत नाही.

सडेतोड_जालना

मी माझं पहिलं मत बदलतोय. घोट किती वेळा, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पण मग पन्हं, पानचिंचोलीच्या चिंचेचं सार, लिंबू सरबत, आमची मोसंबी हे सगळं बंद करायचं का?

दंतवैद्य_नांदेड

मुळीच नाही. जेवणाबरोबर खा, एका बैठकीत संपवा, चूळ भरा. सार आपण भाताबरोबर खातो, तेव्हा लाळ भरपूर असते. तुमच्या आज्या-पणज्यांच्या दातांचं उत्तर बहुतेक यातच आहे. खिशात चिंचेची गोळी ठेवून दिवसभर चघळणं वेगळं.

आणखी एक सवय सांगतो, कारण रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत. आपल्याकडे पित्त झालं की सकाळी घशात बोटं घालून काढतात. जठरातलं आम्ल कोलापेक्षाही तीव्र. अशा माणसांचे वरचे दात मागून, टाळूच्या बाजूनं झिजलेले असतात. नुसता दात बघून मी विचारतो, "पित्त काढता का?" आणि समोरचा चकित होतो. ते करू नका, पित्तावर उपचार घ्या. उलटी झालीच तर लगेच ब्रश नको, चूळ.

रेवा_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या पंधरा दिवसांत आम्ही मायलेकांनी एक प्रयोग केला, तो लिहिते. शाळेतून सामू दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आणल्या. पहिल्या दिवशी जेवणानंतर त्याला एक ग्लास कोल्ड्रिंक एकदाच प्यायला लावलं आणि दर पाच मिनिटांनी लाळ पट्टीवर घेतली. आधी हिरवी, म्हणजे 7. प्यायल्यावर लगेच पिवळी, 5 च्या जवळ. पंधराव्या मिनिटाला परत हिरवट.

दुसऱ्या रात्री तेवढंच कोल्ड्रिंक, पण त्याच्या सवयीप्रमाणे दर दहा मिनिटांनी एक घोट, तासभर. पट्ट्या ओळीनं वहीत चिकटवल्या. पिवळी, जरा हिरवट, पुन्हा पिवळी, पुन्हा पिवळी. तासभरात एकही पूर्ण हिरवी नाही. मी काही बोलले नाही. तोच बराच वेळ वहीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आठ महिने हे चाललं होतं?"

प्रयोगवही

ताई, हा प्रयोग नववी-दहावीला जरूर करा. पट्टी लाळेचा सामू दाखवते, दातावर चिकटलेल्या थरातला त्याहून उशिरा सावरतो, एवढं मुलांना सांगा. अंड्याच्या टरफलाचा प्रयोग करणार असाल तर टरफल कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, दाताचं खनिज वेगळं, हेही. नाहीतर टरफलाचे बुडबुडे बघून मुलं दातालाही तसेच येतात असं समजतात.

बांधावरून_बीड

ताई, लेकराच्या दाताचं पुढं काय? ते परत येणार न्हाई म्हणलेत डॉक्टर.

रेवा_परभणी

दादा, गेलं ते गेलं. वरच्या चार दातांच्या कडांना दाताच्या रंगाचा लेप लावून घेतला, शिवशिवणं बरंच कमी झालंय. दाढांना सध्या हात लावलेला नाही. दंतवैद्यांनी फोटो काढून ठेवलेत, सहा महिन्यांनी पुन्हा काढून ताडून बघायचे आहेत. लातूरच्या खोलीत आता टेबलावर पाण्याचा तांब्या आहे आणि झोप आली की तो मूठभर फुटाणे चावतो. खोलीतल्या दुसऱ्या दोन मुलांनाही त्यानं पट्ट्या दाखवल्या. त्यातल्या एकाच्या दातांच्या कडा तशाच दिसतात, असं काल फोनवर सांगत होता. त्याचे आईवडील हिंगोलीकडं शेती करतात, मी आज त्यांना फोन लावणार आहे. @दंतवैद्य_नांदेड, त्यांना संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायला सांगू, की आधी जवळ कुठं दाखवलं तरी चालेल?

दंतवैद्य_नांदेड

आधी जवळच्याच दंतवैद्याला दाखवू द्या. तपासायला पाच मिनिटं पुरतात, त्यासाठी एवढ्या लांब जायला नको. लेप किंवा कॅप लागणार असेल आणि खर्च झेपत नसेल तर शासकीय महाविद्यालय. तोपर्यंत बाटली बंद, आणि रात्रीचा ब्रश अभ्यासाला बसण्याआधी.